‘माझं कुणी खरं धरत नाही, मग माझ्यातच खोट आहे का?’

“मॅडम, माझा आत्मविश्वास वाढेल असं काहीतरी सांगा,” दिंडोरी तालुक्यातून आलेल्या ताई म्हणाल्या. नवरा गेल्यापासून द्राक्षबाग त्याच बघतात, व्यवहार मात्र दिरांच्या हातात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नाशिकमध्ये माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बायकांची ही नेहमीची तक्रार: मला ठामपणे बोलताच येत नाही, दोष माझाच असणार.

आधी झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, सगळी चौकशी केली. झोप मोडत होती, बाकी ठीक होतं. मग विचारलं, “तुम्ही बोललात आणि कुणी ऐकलं नाही, असं एखादं सांगा.”

ऑक्टोबर छाटणीनंतरची गोष्ट निघाली. अवकाळी पाऊस होऊन गेला होता. पानांवर तेलकट पिवळे ठिपके दिसले, पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. “भाऊजी, डाऊनी आलीय.” (डाऊनी म्हणजे द्राक्षवेलीवरचा बुरशीसारखा रोग.) “वहिनी, तुम्ही उगाच घाबरता.” दोन दिवसांनी औषधाच्या दुकानातला मुलगा बागेत आला, तेच म्हणाला, आणि संध्याकाळी फवारणी झाली. तोवर घडांनाही लागण झाली होती. शिवाय घरात बोलणं झालं, “वेळेवर कुणी सांगितलंच नाही.”

या बाईंना ठाम बोलण्याचा सराव देऊन काय साधणार होतं? त्या ठामच बोलल्या होत्या, आणि बरोबर बोलल्या होत्या.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी 2007 साली ‘ज्ञानविषयक अन्याया’वर पुस्तक लिहिलं. बोलणारं कोण आहे हे बघून, पूर्वग्रहापोटी त्याच्या शब्दाचं वजन कमी धरलं, तर जाणकार म्हणूनच त्या माणसावर अन्याय होतो, असं त्या मांडतात. हे सतत झालं की स्वतःच्या जाणण्यावरचा विश्वासही ढासळतो. म्हणजे ताई ज्याला कारण समजत होत्या, तो परिणाम होता. अमेरिकी तत्त्वज्ञ क्रिस्टी डॉटसन यांनी 2011 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: समोरच्याला आपलं म्हणणं पचणार नाही हे ओळखून माणूस स्वतःच बोलणं आखडतं घेतो. पुढच्या हंगामात वेलीवर भुरी हा दुसरा बुरशीचा रोग दिसला, तेव्हा ताई गप्प राहिल्या होत्या. दोष आधी मनात शोधायची आम्हा समुपदेशकांना सवय असते, म्हणून हे लेखन आमच्या अभ्यासात असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

ताईंना एक वही ठेवायला सांगितली. तारीख, काय दिसलं, कुणाला सांगितलं, पुढे काय निघालं. दुसऱ्यांना दाखवायला नाही, स्वतःसाठी. काही अंदाज चुकले, तेही लिहिले. पण बरेचसे बरोबर निघाले, आणि ते त्यांना स्वतःच्याच अक्षरात वाचायला मिळालं.

मग एका भेटीला दीर आले. त्यांना बोल लावला नाही. फक्त विचारलं, “वहिनींनी सांगितलं तेव्हा पान उलटून बघितलंत?”

“नाही.”

“आणि तो मुलगा म्हणाला तेव्हा?”

“तेव्हाही नाही. त्याने सांगितलं म्हणून लगेच मारलं औषध.” बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते जाणवलं.

आता ठिपका दिसला की ताई स्वतः दुकानदाराला फोटो पाठवतात आणि फवारणीचं ठरवतात. दीर अजूनही मागून त्याला एक फोन करून खात्री करून घेतात. पुढच्या भेटीत त्यावर दोघांशी बोलायचं आहे.