स्विम टीम आणि भारतवारी: उत्तर व्हर्जिनियातला उन्हाळा कसा बसवायचा

ताई, तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये फेअरफॅक्स काउंटीत राहायला येताय, मुलगी ८ वर्षांची आहे, मुलगा ११ चा. नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे म्हणतात, मुलांना पहिल्याच उन्हाळ्यात जवळच्या पूलच्या स्विम टीममध्ये घाला. पण इकडे सासू-सासऱ्यांना दर उन्हाळ्यात पुण्याला यायचा शब्द दिलाय, आणि मुलांना अमेरिकाही दाखवायची आहे. हे सगळं एका सुट्टीत बसतं का?

बसतं. फक्त विमानाची तिकिटं काढण्याआधी टीमचं कॅलेंडर समोर ठेवायला हवं.

इथले बाहेरचे पूल मेच्या शेवटच्या सोमवारच्या, म्हणजे मेमोरियल डेच्या, वीकेंडला उघडतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, बंद होतात. फेअरफॅक्समधल्या बऱ्याच पूलच्या टीम नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विम लीगमध्ये पोहतात. ही लीग १९५६ पासून चालू आहे. शाळा जूनच्या मध्यापर्यंत असते, तोवर सराव संध्याकाळी; शाळा संपली की सकाळी. जूनच्या मध्याला टाइम ट्रायल होते, म्हणजे टीममधल्या मुलांच्या वेळा मोजून नोंदवतात. त्यानंतर ओळीने पाच शनिवार सकाळी दुसऱ्या पूलशी मीट, म्हणजे स्पर्धा, मग जुलैच्या शेवटाकडे डिव्हिजनल, म्हणजे आपल्या गटातल्या सगळ्या टीमची एकत्र मीट, आणि सगळ्यात वेगवान मुलांसाठी त्यानंतर ऑल-स्टार मीट. संपलं. सीझन म्हणजे जेमतेम दोन महिने, आणि त्यातले खरे अडणारे दिवस शनिवारचे. बाकीचा आठवडा तुमचा आहे, हे नवीन आलेल्या पालकांच्या लक्षातच येत नाही. त्यांना वाटतं सगळा उन्हाळा गेला.

(वाढदिवसाची तारीख बघून ठेवा. वयोगट १ जूनच्या वयावर ठरतो. तुमच्या लेकीला तोवर ९ वर्षं पूर्ण झाली तर ती ८ आणि त्याखालच्या गटात नाही, ९-१० मध्ये जाईल. तिथे २५ च्या जागी बहुतेक शर्यती ५० मीटरच्या असतात, त्यामुळे तिला त्या हिशेबाने तयारी लागेल.)

आता गैरहजेरीचं. समर लीग म्हणजे वर्षभर चालणारा क्लब नव्हे. सुट्टीवर गेलात म्हणून कुणी मुलांना काढून टाकत नाही. प्रत्येक कुटुंब कुठे ना कुठे जातंच आणि कोच ते धरूनच चालतात. कोचना त्रास होतो तो न कळवता जाण्याचा. प्रत्येक मीटसाठी येणार की नाही हे ऑनलाइन आधीच भरायचं असतं, त्यावरून कोच आठवड्याच्या मधेच यादी लावतात. शनिवारच्या मीटमध्ये एका शर्यतीत एका टीमची तीनच मुलं असतात. तुमचा मुलगा 'येणार' म्हणून यादीत राहिला आणि आला नाही, तर त्याच्या जागी पोहू शकला असता तो चौथा मुलगा काठावर बसून राहतो. रिलेत तर चार मुलं लागतात. लहान टीममध्ये ८ आणि त्याखालच्या गटात मुली मोजून चार असू शकतात. एक गेली की उरलेल्या तिघींची रिले रद्द. त्या तिघींनी आठवडाभर डाइव्हचा सराव केलेला असतो. मला ही गोष्ट गुणांपेक्षा फार मोठी वाटते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, एप्रिल-मेमध्ये नोंदणी करतानाच आपल्या सुट्टीच्या तारखा कोचला ईमेलने कळवून टाका. मग तारखा बदलल्या तरी चालतं, पुन्हा कळवा.

सगळे शनिवार सारखे नसतात. टाइम ट्रायल चुकवू नका, कारण त्या वेळांवरच सुरुवातीची क्रमवारी लागते आणि ज्याची वेळच नोंदलेली नाही त्याला कुठे बसवायचं हे कोचला कळत नाही. डिव्हिजनलसाठी मोजक्याच मुलांची निवड होते. तेव्हा गावात नसाल तर आधीच नाही म्हणा, म्हणजे दुसऱ्या मुलाला संधी मिळेल. मधल्या पाचांपैकी एखादा शनिवार सोडायला काहीच हरकत नाही. ४ जुलैच्या आसपासचा शनिवार बरेच जण सोडतात. त्यामुळे तेव्हा टीमला माणसं कमी पडतात, आणि नवीन मुलाला शनिवारी पोहायची संधी हवी असेल तर तो आठवडा सगळ्यात चांगला. तुम्ही तेव्हा इथेच थांबा असं मी म्हणेन. शिवाय सोमवारी संध्याकाळी बी मीट, म्हणजे दुय्यम मीट, असते. त्यात सगळ्यांना पोहता येतं आणि वेळही नोंदली जाते. पहिल्या वर्षी तुमच्या मुलांचा खरा उन्हाळा या सोमवारांमध्येच जाईल. ते अजिबात कमी प्रतीचं समजू नका.

भारतवारी कधी, हा तुमचा मुख्य प्रश्न. माझं स्पष्ट मत: ऑगस्ट. डिव्हिजनल झाली की पुढच्या दोन-तीन दिवसांत निघा. शाळा ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते, म्हणजे साधारण तीन आठवडे हातात राहतात. काही जण शाळा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी निघून जुलैच्या मध्याला परततात. त्यात टाइम ट्रायल आणि निम्म्याहून जास्त मीट जातात, मुलं जेट लॅगमध्ये पूलवर येतात, आणि तोवर बाकीच्या मुलांचे गट जमून गेलेले असतात. नवीन देशात आलेल्या ११ वर्षांच्या मुलासाठी हा तोटा मोठा आहे. सप्टेंबरमध्ये शाळेच्या कॅफेटेरियात तो कुणाशेजारी बसणार, हे पुष्कळदा जूनमध्ये पूलवरच ठरलेलं असतं. आंब्यासाठी जून हवा असं घरचे म्हणतील, पण इथली शाळा संपेपर्यंत हापूस तसाही गेलेला असतो. ऑगस्टमध्ये पाऊस असेल, असू दे. आजी-आजोबांना नातवंडं घरात हवी असतात, ती पावसातही घरातच असतात. फक्त गणपतीपर्यंत थांबायचा आग्रह झाला तर मन घट्ट करा. बहुतेक वर्षी तोवर इथली शाळा सुरू झालेली असते.

याला एक अपवाद आहे. पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून घ्यायचं असेल तर कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळेल ती तारीख घ्या आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवा. कोचला तसं सांगा. टीममध्ये आपल्यासारखी बरीच कुटुंबं असतात, ते समजून घेतात.

दुसरा मार्ग मला मनापासून आवडतो: एक वर्ष तुम्ही जा, एक वर्ष त्यांना बोलवा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना एअरपोर्टवर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहायची मुभा मिळते. मेमध्ये आले तर पूर्ण सीझन बघतील. शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या घेऊन पूलच्या कडेला सावलीत बसलेले आजी-आजोबा इथे दर टीमला दिसतात. मुलांना त्याचं फार अप्रूप असतं. इंग्रजी येत नसलं तरी काही बिघडत नाही, नातीच्या लेनचा नंबर कळला की पुरे. त्यांचा प्रवासाचा विमा मात्र निघण्याआधी नीट बघून घ्या, आणि औषधं पुरेशी सोबत आणायला सांगा.

इथली छोटी सहल शनिवार दुपार ते शुक्रवार अशी आखायची. मीट दुपारपर्यंत आटोपते, गाडी तिथूनच काढता येते. शेनांडोआ नॅशनल पार्क तर रविवारी एका दिवसातही होतं. त्यातला स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता १०५ मैलांचा आहे, सगळा करायची गरज नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या आउटर बँक्स या समुद्रकिनाऱ्याच्या भागात जायची इथे फार पद्धत आहे, पण तिथली समुद्राकाठची बरीच घरं शनिवार ते शनिवार भाड्याने मिळतात. असं घर घेतलं तर एकाच आठवड्याच्या सुट्टीत दोन मीट धोक्यात येतात. रविवार ते रविवारवालं घर शोधलं तर एकच जाते. यलोस्टोनसारखी लांबची सहल ज्या वर्षी भारतात जाणार नाही त्या वर्षीच्या ऑगस्टला ठेवा.

तुम्हालाही काम करावं लागेल, तेव्हा तुमच्या सुट्टीचाही यात विचार हवा. मीट पालकांच्या जिवावर चालते: टायमर, वळणं आणि स्ट्रोक बघणारे जज, लहान मुलांना रांगेत उभे करणारे, खाण्याचा स्टॉल सांभाळणारे. प्रत्येक कुटुंबाला काही पाळ्या घ्याव्याच लागतात. पहिल्या वर्षी टायमर व्हा. स्टॉपवॉच दाबायला स्विमिंगचं ज्ञान लागत नाही आणि लेनजवळच उभं राहायला मिळतं. शेजारी दुसऱ्या टीमचे पालक असतात, दोन-तीन तास गप्पा होतात. मला इथे डॉक्टर, पियानोची बाई, चांगला प्लंबर, सगळं त्या रांगेत उभं राहून कळलं. पाळी घेतलेल्या शनिवारी बाहेर जायचं झालं तर बदली माणूस आपणच शोधायचा असतो.

या भागात राहायला आलात की पोटोमॅक नदीपलीकडच्या केटी लेडेकीचं नाव कुणी ना कुणी काढेलच. तीही वयाच्या सहाव्या वर्षी मेरिलँडमधल्या अशाच एका शेजारच्या पूलच्या टीममध्ये पोहायला लागली, आणि आज तिच्याकडे ऑलिंपिकची ९ सुवर्णपदकं आहेत. ते ऐकून मुलांवर दडपण आणू नका. बहुतेक मुलं इथे शुक्रवारच्या पेप रॅलीसाठी, म्हणजे मीटच्या आदल्या दिवशीच्या टीमच्या जल्लोषासाठी, आणि हातावर मार्करने शर्यतीचा नंबर लिहून घ्यायला येतात.

मार्चमध्ये उतरल्यावर सगळ्यात आधी पूलची मेंबरशिप बघा. सोसायटीचा पूल असेल तर ती बहुधा घराबरोबर येते. स्वतंत्र क्लब असेल तर वेटिंग लिस्ट असू शकते, म्हणून घर ठरवतानाच विचारा. टीमसाठी साधारणपणे एवढंच बघतात की मूल न थांबता २५ मीटर पोहतं का. येत नसेल तर काउंटीच्या रेक सेंटरमध्ये (सार्वजनिक क्रीडाकेंद्रांत) आतले पूल वर्षभर चालू असतात, तिथे एप्रिल-मेचे क्लास लगेच भरतात. लेकीची नोंदणी आधी करा, आणि टीमचं कॅलेंडर आलं की त्याचा फोटो सासूबाईंना पाठवा, म्हणजे ऑगस्टच्या तारखा त्यांच्याशी बोलूनच ठरतील.