तिसरे अपत्य आणि दहावीचा वर्ग

प्रश्न : मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास व राज्यशास्त्र शिकवते. दहावीला ‘निवडणूक प्रक्रिया’ हा पाठ चालू असताना गावात ग्रामपंचायत निवडणुकीचे वारे होते. म्हणून दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यास निवडणूक लढवू न देण्याचा नियम योग्य की अयोग्य, यावर मी वर्गाचे दोन गट करून वादविवाद घेतला. नियमाच्या बाजूने बोलणारा एक मुलगा म्हणाला, “ज्यांना स्वतःचे घर आवरत नाही, ते गाव काय आवरणार?” आणि निम्मा वर्ग मागे वळून एका मुलीकडे पाहू लागला. ती चार भावंडांतली तिसरी. तिच्या आईचा अर्ज याच कारणाने छाननीत बाद झाला होता, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तक्रार घेऊन आले. आता मुख्याध्यापक म्हणतात, पुस्तकात आहे तेवढेच शिकवा. मी ऐकावे का? आणि मुलांनी “बाई, तुमचे मत काय?” असे विचारले, तर काय सांगावे?

उत्तर : आधी त्या मुलीशी बोला. वर्गासमोर नको, मधल्या सुट्टीत एकटीशी बोला, आणि “माझ्या लक्षात यायला हवे होते” एवढे स्पष्टपणे सांगा. नंतर तिच्या वडिलांना भेटा. शाळेत बोलावून घेण्यापेक्षा तुम्ही त्यांच्या घरी गेलात तर अधिक बरे.

विषय निवडण्यात तुमची चूक झाली, असे मला वाटत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे ज्यांची अपत्यसंख्या दोनपेक्षा अधिक होते, ते महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरतात. हरियाणातील अशाच नियमाला आव्हान दिले गेले तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. नियम वैध आहे म्हणून तो शहाणपणाचा आहे का, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो खराखुरा खुला प्रश्न आहे. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये असा नियम रद्द केला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, १.७ पर्यंत उतरला आहे. आमदार-खासदारांना ही अट नाही. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असताना, किती मुले व्हावीत हे ठरवण्यात जिचा शब्द चालत नाही, तीच बाई अपात्र ठरते. दुसरीकडे, लोकप्रतिनिधीने आधी स्वतः आदर्श घालून द्यावा, ही अपेक्षाही पोकळ नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी, जी दोन-तीन वर्षांत मतदान करणार आहेत, हे सारे तोलून पाहू नये तर कोणी पाहावे?

चूक झाली ती क्रमात. मुलांच्या हाती माहिती येण्याआधी त्यांना बाजू मिळाली, आणि हातात माहिती नसली की मूल शेजारच्या घराकडे बोट दाखवते. पहिल्या तासाला वाद घेऊच नका. नियमाचा मजकूर फळ्यावर लिहा, तो कोणत्या वर्षी आणि कशासाठी आला ते सांगा, वरची आकडेवारी द्या आणि मुलांना फक्त प्रश्न काढायला सांगा. दुसऱ्या तासाला वाद घ्या, पण आपले म्हणणे मांडण्यापूर्वी प्रत्येकाने समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगितलेच पाहिजे, अशी अट घाला. गावातील कोणत्याही घराचे उदाहरण द्यायचे नाही, हेही सुरुवातीलाच बजावा. तरीही नजरा वळतील. म्हणूनच विषय ठरवण्याआधी हजेरीपट समोर ठेवून प्रत्येक नावाशी क्षणभर थांबावे आणि हा विषय कोणाच्या घरात शिरणार आहे, हे स्वतःला विचारावे.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. आरक्षणावर चर्चा चालू असताना मी एका वसतिगृहातल्या मुलाला “तू सांग” म्हणून उभे केले, कारण त्याची जात मला ठाऊक होती. तो उत्तर न देता कंपासपेटीचे झाकण उघडत आणि मिटत राहिला. त्याचे मत मला हवे नव्हते, त्याच्या समाजाचा प्रतिनिधी हवा होता, हे त्याला माझ्याआधी कळले होते.

प्रत्येक गोष्ट वादाला घ्यायची नसते, हेही सांगतो. अस्पृश्यता पाळावी की नाही, याला दोन बाजू नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने तो प्रश्न मिटवला आहे. जिथे समजूतदार माणसांत प्रामाणिक मतभेद आहेत, तोच विषय वर्गात वादाचा म्हणून आणावा. जर्मनीतील राज्यशास्त्र-शिक्षणाच्या तज्ज्ञांच्या १९७६ सालच्या बॉयटेल्सबाख येथील परिषदेतून हेच सूत्र पुढे आले होते. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे आणि शिक्षकाने विद्यार्थ्यावर आपले मत लादू नये, असे ते सूत्र आहे.

तुमचे मत मुले विचारणारच. वाद चालू असताना ते सांगू नका, कारण दहावीच्या वर्गात बाईंचे मत म्हणजे गुण मिळवून देणारे उत्तर असते. वाद संपल्यावर कोणी विचारले तर लपवू नका. मत सांगा, त्यामागची कारणे सांगा आणि त्या कारणांत तुम्हाला स्वतःला कोणते कच्चे वाटते तेही सांगा.

मुख्याध्यापकांपुढे दोन तासांचे टाचण लेखी ठेवा आणि पालकांना आठवडाभर आधी विषय कळवण्याची तयारी दाखवा. “पुस्तकातले तेवढेच” या आग्रहामागे बहुतेक वेळा उद्या कोण दारात येईल याची धास्ती असते, आणि ती धास्ती या दोन गोष्टींनी कमी होते.

हा विषय पुन्हा घ्याल तेव्हा ती मुलगी गप्प राहिली, तर तिला बोलते करू नका. मात्र ती स्वतःहून उठली, तर तिचे बोलणे संपेपर्यंत कोणालाही मध्ये बोलू देऊ नका.