लेट्रोझोल चालू असताना घरची 'गर्भाशयाची पावडर' घ्यावी का?

तुम्हाला पीसीओडी (बीजकोशांचा, हार्मोन्स बिघडवणारा त्रास) आहे, मूल हवंय म्हणून बीज वाढवायला दिलेल्या लेट्रोझोल गोळीचा दुसरा महिना चालू आहे आणि सासूबाईंनी सीताअशोक, शतावरी, ज्येष्ठमध आणि जास्वंद घातलेली पावडर आणून दिलीय. 'झाडपालाच तर आहे' असं त्या म्हणतात. मी बरीच वर्षं फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झाडपाला हार्मोन्सवर काम करतो, चांगलाच करतो. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरच्या चाऱ्यावर वाढलेल्या मेंढ्या गाभण राहीनात. चाऱ्यातले घटक त्यांच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखे, म्हणजे मादीच्या हार्मोनसारखे, वागत होते.

तुमच्या पावडरीतली जास्वंद मला सगळ्यात खटकते. १९७० च्या दशकात तिच्या फुलांच्या अर्काचे उंदरांवर प्रयोग झाले, ते गर्भ रुजू नये म्हणून, आणि परिणाम दिसलाही. माणसात तसंच होईल असं नाही, पण मूल हवं असताना ती पोटात कशाला घ्यायची? गणपतीला वाहा, तेलात घाला.

ज्येष्ठमधाचं उलट. २००४ मध्ये इटलीत ९ निरोगी स्त्रियांना रोज ३.५ ग्रॅम दिल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरलं. पीसीओडीत ते बऱ्याचदा वाढलेलं असतं, म्हणून हे कानाला गोड लागतं, पण बायका नऊच होत्या, आणि ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटतं.

सीताअशोकाच्या सालीत भेसळ फार. सोसायटीच्या कुंपणालगतचा उंच, सरळसोट 'अशोक' म्हणजे सीताअशोक नव्हेच, पण त्याचीही साल खपते. दळल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही.

शतावरीला मी वाईट म्हणणार नाही. फक्त कल्प असेल तर त्यात साखर किती ते डब्यावर वाचा, पीसीओडीत ती नडते.

खरी अडचण वेगळीच आहे. लेट्रोझोल काही दिवस इस्ट्रोजेन कमी करतं, म्हणून मेंदूकडून एफएसएच हे बीज वाढवणारं हार्मोन वाढतं आणि बीज वाढीला लागतं. त्याच दिवसांत इस्ट्रोजेनसारखं काहीबाही पोटात गेलं आणि सोनोग्राफीत बीज लहान दिसलं, तर डॉक्टरांनी डोस वाढवायचा की पावडर थांबवायची? त्यांना पावडर माहीतच नसेल तर डोसच वाढेल.

म्हणून सध्या थांबवा. पुढच्या फॉलिक्युलर स्कॅनला (बीज किती वाढलं ते बघायच्या सोनोग्राफीला) डबा आणि सासूबाई, दोघांना सोबत घेऊन जा. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं, की तुम्हाला घरी वाद घालावा लागणार नाही.