इंकांवरचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या त्या जुन्या साम्राज्यावरचे सिनेमे बघायचेत?
सुरुवात १९५४च्या ‘सीक्रेट ऑफ द इंकाज’पासून कर. कथा यथातथाच, पण काही चित्रीकरण खुद्द माचू पिचूवर, पेरूतल्या इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या नगरीत झालंय. चार्ल्टन हेस्टनची हॅट आणि लेदर जॅकेट नीट बघ, इंडियाना जोन्सचा पोशाख कुठून आला ते कळेल.

मग जर्मन दिग्दर्शक हेर्झोगचा ‘अगिरे’ (१९७२), इंकांना जिंकल्यावर सोन्याच्या नगरीच्या शोधात निघालेल्या स्पॅनिशांचा. पहिल्याच दृश्यात धुक्यातून कड्यावरून उतरणारी लांबलचक रांग, चिलखतं, पालख्या, साखळदंडातले मूलनिवासी... हा मोबाइलवर बघू नकोस, कृपा कर!

‘लॉस्ट सिटी ऑफ झी’ इंकांचा नाहीच, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला. यादीवाले सर्रास गल्लत करतात. आणि माचू पिचूला कुणी इंकांची शेवटची राजधानी म्हटलं तर मान डोलावू नकोस. ती विल्काबांबा, १५७२मध्ये स्पॅनिशांनी घेतलेली. माचू पिचू जगापुढे आणणाऱ्या अमेरिकन संशोधक बिंगहॅमचीही यात फसगत झाली होती.