आधी खटल्याचे कागद वाच: कायद्याच्या विद्यार्थिनीस पत्र

इंदूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

विधी अभ्यासक्रमाचे चौथे वर्ष संपत आले आहे आणि या सुट्टीत मुंबईच्या एखाद्या मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप करावी की न्यायाधीश-परीक्षेची शिकवणी लावावी, असे तू विचारले आहेस. दोन्ही मार्ग चांगले आहेत आणि दोन्हींना पुरेल एवढी बुद्धी तुझ्यापाशी आहे. तरीही त्याआधी तू इथल्या जिल्हा न्यायालयात बसून एखाद्या खटल्याचे कागद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला शिकावेस, असे माझे ठाम मत आहे.

शाहबानो प्रकरण तुला वर्गात शिकवले असेलच. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही पोटगीचा हक्क आहे असा निकाल दिला, त्यात समान नागरी कायद्याचा उल्लेख आला, पुढे अशा स्त्रियांच्या हक्कांविषयी १९८६ चा कायदा झाला, एवढे लिहिले की परीक्षेपुरते काम भागते. पण हे प्रकरण आपल्या इंदूरचे आहे. एप्रिल १९७८ मध्ये इथल्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दरमहा ५०० रुपये पोटगी मागणारा शाहबानो यांचा एक साधा अर्ज दाखल झाला. पती स्वतः वकील होता आणि त्याचे वार्षिक उत्पन्न सुमारे ६०,००० रुपये असल्याचे अर्जात म्हटले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने तलाक दिला. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले, जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली आणि त्याविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयात गेला. देशभर गाजलेला तो प्रश्न या रकमेवरच्या अपिलातून उभा राहिला. म्हणून कोणताही निवाडा वाचताना अर्ज कोणी केला, मागितले काय, पुरावा कशाचा होता, खालच्या प्रत्येक न्यायालयाने काय दिले आणि वर कोण व कशासाठी गेले, हे आधी कागदावर लिहून काढ. त्यानंतरच तत्त्वाकडे वळ. याच सवयीने पुढे याच विषयावरचे सर्वोच्च न्यायालयाचे डॅनियल लतीफी (२००१) आणि १० जुलै २०२४ चा मोहम्मद अब्दुल समद हे निवाडे वाचलेस, म्हणजे दंड प्रक्रिया संहितेच्या ज्या कलम १२५ खाली तो अर्ज झाला, आणि जे आज तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे, त्याचा आजवरचा प्रवास तुला पाठ करावा लागणार नाही, तो समजलेला असेल.

न्यायाधीश व्हायचे असले तरी हे टळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. ही वर्षे वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क, म्हणजे संशोधन-सहायक, म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. प्रत्यक्ष जाहिरात निघेल तेव्हा त्यातल्या अटी तू स्वतः वाचशीलच. नोंदणी शुल्काची आणि वकिली करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या बार परीक्षेची चिंता मात्र आज करू नकोस. सर्वसाधारण उमेदवाराला कायद्यातल्या ७५० रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क आकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्येच सांगितले आहे; आणि बार परीक्षेला टिपा नसलेली मूळ कायद्यांची पुस्तके सोबत नेता येतात.

भाषेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इंदूरच्या मराठी घरांतली मुले इथे हमखास अडखळताना मी पाहतो. घरी मराठी, महाविद्यालयात इंग्रजी आणि बाजारात अस्खलित हिंदी असली, तरी न्यायालयाची हिंदी निराळी आहे. जिल्हा न्यायालयात आदेश-पत्रिका (रोजच्या आदेशांची नोंद), जवाबदावा (प्रतिवादीचे लेखी उत्तर), प्रतिपरीक्षण (उलटतपासणी), नामांतरण (जमिनीच्या नोंदीतला नावबदल), खसरा (शेताची सरकारी नोंद) हे शब्द रोज हाताळावे लागतात, आणि जमिनीचे काम आले की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा सातबारा उपयोगी पडत नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ उघडावी लागते. उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदीला राज्यघटनेच्या कलम ३४८ (२) खाली १९७१ पासून मुभा आहे, पण तिथे इंग्रजीवाचून तुझा निभाव लागणार नाही. एकच अर्ज आज हिंदीत आणि उद्या इंग्रजीत लिहिण्याचा सराव ठेव. होळकर दरबाराचा कारभार मोडी लिपीत चाले, तेव्हा मोडी वाचता आली तर जुन्या मिळकतींच्या वादात तुझा हात धरणारे फार थोडे असतील.

फौजदारी कायदा तुला दुहेरी शिकावा लागेल. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली असली, तरी त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागते. त्यामुळे फसवणुकीचे जुने ४२० आणि नवे ३१८ (४) ही दोन्ही कलमे एकाच सकाळी एकाच न्यायालयात ऐकू येतील. पुराव्याच्या नव्या कायद्याचे, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे, कलम ६३ विशेष मन लावून वाच. मोबाइलवरचे संदेश किंवा ध्वनिमुद्रण पुराव्यात द्यायचे तर त्याखालचे प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा नमुना अनुसूचीत दोन भागांत दिला आहे: एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयात अशा कामासाठी जाणकार माणूस हवा असतो, आणि नवख्या कनिष्ठाचे मोल तिथे लवकर कळते.

ज्येष्ठ वकील निवडताना नावापेक्षा कामाची पद्धत पाहा. साक्षीदार तपासायच्या आदल्या दिवशी ते स्वतः कागद वाचतात का, कनिष्ठाने लिहिलेला मसुदा दुरुस्त करून परत देतात का, पक्षकाराशी कसे बोलतात, हे आठवडाभरात दिसून येते. मानधनाचे पहिल्याच भेटीत, न संकोचता विचार. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठांना शहरात दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, पण बोलणी सुरू करायला तेवढा आधार पुरेसा आहे. फुकट राबवून घेणे म्हणजेच शिकवणे, असे मानणाऱ्यांकडे तू जाऊ नयेस असे मला मनापासून वाटते. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने शोधून दिलेला एकही निवाडा मूळ पाहिल्याशिवाय मसुद्यात घालू नकोस. नसलेला निवाडा न्यायालयापुढे ठेवला, तर त्याखाली सही तुझी असते.

सुट्टीपुरते माझे सांगणे इतकेच आहे की जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जाऊन स्वयंसेवक म्हणून काम मिळते का, ते पाहा. १९८७ च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि हे ठाऊक नसलेल्या कितीतरी बायका रोज आवारातून परत जातात. सोबत माझ्या कार्यालयात येऊन निकाली निघालेल्या एका पोटगी प्रकरणाचे कागद बसून वाच. त्यातले काहीही घरी बोलायचे नाही. पक्षकाराच्या गोपनीयतेचे बंधन वकिलाइतकेच त्याच्या कार्यालयातल्या प्रत्येकावर असते. वाचून झाले की तारखांचा तक्ता आणि दोन पानांचे टिपण हिंदीत लिहून आण. शनिवारी दुपारी चारनंतर मी मोकळा असतो. आपण ते ओळीने तपासू, आणि मुंबईच्या फर्मला पाठवायचा अर्जही त्याच वेळी पाहू.

तुझा,
काका