राज्यकर विभागात करचोरी पकडण्याचं काम प्रत्यक्षात कसं असतं?

तुम्ही विचारलंय की, नाशिकमध्ये राहून एमपीएससीची तयारी चालू आहे, राज्यकर निरीक्षक व्हायचंय. तर करचोरी शोधण्याचं काम नेमकं कसं असतं, रोज धाडी असतात का, आणि दबाव येतो का. मी निरीक्षक म्हणून लागले, आता राज्यकर अधिकारी आहे आणि बरीच वर्षं अन्वेषणात, म्हणजे करचोरीच्या तपासात, काढली आहेत, म्हणून लिहिते. जीएसटी कायद्याच्या कलम १५८ नुसार करदात्याची माहिती बाहेर सांगता येत नाही. त्यामुळे पुढे जे येईल ते कुणा एकाचं प्रकरण नाही. पद्धत मात्र खरी आहे.

धाडी रोज नसतात. रोज समोर असतो तो संगणक. विक्रेत्याने जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात काय दाखवलं, खरेदीदाराच्या २बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, काय उतरलं, कर भरायचं ३बी विवरणपत्र देताना रोखीने, म्हणजे प्रत्यक्ष पैशांत, किती कर दिला, माल वाहतुकीची ई-वे बिलं किती निघाली, हे सगळं एकमेकांशी ताडून बघायचं. विक्री कोटींची, रोखीने भरलेला कर जवळजवळ शून्य आणि नोंदणी सहा महिन्यांपूर्वीची, असं दिसलं की त्या फर्मवर थांबायचं. कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं याच्यावर उभं असतं.

बोगस बिलाचा खेळ समजून घ्यायचा तर भंगाराचा धंदा बघा. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून लोखंडाचा चुरा, तांबं, अ‍ॅल्युमिनियम रोज निघतं. शिवाय गल्लोगल्ली भंगार गोळा करणारे बहुतेक छोटे, रोखीवर चालणारे, नोंदणी नसलेले. मोठ्या व्यापाऱ्याकडे माल असतो, पण त्या मालाचं बिल नसतं, आणि बिल नाही तर इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या करातून वजा करता येत नाही. इथे बिल विकणारा येतो. १ कोटीच्या बिलावर १८ टक्क्यांनी १८ लाखांचं क्रेडिट मिळतं. विकणारा टक्का-दोन टक्के कमिशन घेतो, घेणारा ते १८ लाख स्वतःच्या करातून वजा करतो. तिजोरीत काहीच आलेलं नसतं, कारण विकणाऱ्याने कर भरलेलाच नसतो. त्याने वरून आणखी एका कागदी फर्मचं बिल लावलेलं असतं. व्हॅटच्या काळात याला हवाला बिल म्हणायचे, आमच्याकडचे जुने लोक अजून तसंच म्हणतात. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर कर खरेदीदारानेच भरायचा, असा नियम आला आणि नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या आपसातल्या व्यवहारांवर २ टक्के टीडीएसही, म्हणजे पैसे देतानाच करापोटी कपात, लागला. चांगला नियम आहे. फार आधी यायला हवा होता, असं माझं मत.

माल खरंच हलला का, हे शोधताना मला सगळ्यात जास्त समाधान मिळतं. समजा, बिल म्हणतं की तांब्याचं भंगार भिवंडीहून अंबडला आलं. मग ट्रकने पडघ्याचा आणि घोटीचा टोल ओलांडलेला असला पाहिजे. फास्टॅगची नोंद काढली की त्याच दिवशी तो ट्रक शिरपूरच्या टोलवर, मध्य प्रदेशच्या दिशेने जाताना दिसतो. कधी ई-वे बिलातला गाडी नंबर परिवहनच्या नोंदीत टाकावा तर ती रिक्षा किंवा स्कूटर निघते. वजनकाट्याची पावती मागितली की एकाच काट्याच्या, एकाच हस्ताक्षरातल्या, लागोपाठ नंबरांच्या पावत्या समोर येतात. खऱ्या धंद्यात असं होत नाही. तिथे बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याची मालाची पावती, मळलेली असते, वजनात दहा-वीस किलोंचा फरक असतो, हमालीचा खर्च वहीत असतो.

आता जागेवरच्या भेटीविषयी. यासाठीच खरं तर हे उत्तर लिहायला घेतलं.

नोंदणीत पत्ता नाशिकच्या सिडकोतला. कागदावर कोटींची उलाढाल करणारी फर्म, प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. अर्जाला जोडलेलं लाइट बिल निरखून पाहिलं की नावाच्या ओळीतली अक्षरं बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड दिसतात. ग्राहक क्रमांक महावितरणच्या साइटवर टाकला की तिसऱ्याच माणसाचं नाव येतं. दार एक ताई उघडतात. ‘मालक’ कुठे आहेत विचारलं तर म्हणतात, ‘ते सेकंड शिफ्टला गेलेत, अंबडला, कंत्राटात.’ आमच्याकडून टपालाने गेलेलं समन्स देवघराखालच्या कप्प्यात जपून ठेवलेलं असतं. सरकारी शिक्का दिसला म्हणून टाकून दिलं नाही आणि इंग्रजीत आहे म्हणून कुणी उघडलंही नाही.

माणूस आल्यावर गोष्ट हळूहळू कळते. ‘मॅडम, लोन करून देतो म्हणाला. आधार घेतलं, पॅन घेतलं, फोटो काढला. ओटीपी आला तो सांगितला. दोन-तीन हजार हातावर ठेवले. पुढे लोन काही झालं नाही.’ जीएसटी हा शब्द त्याने ऐकलेला असतो, पण आपण ‘प्रोप्रायटर’ आहोत हे त्याला आमच्याकडून कळतं. हल्ली सरकारी याद्या एकमेकींशी ताडल्या जातात, त्यामुळे नावावर कोटींची उलाढाल दिसली की घरच्या रेशनकार्डावर आणि योजनांच्या पैशांवरही प्रश्न उभा राहतो. म्हणजे कर कुणीतरी बुडवला आणि धान्य याचं बंद व्हायची वेळ.

याच्या नावावर आदेश काढायचा, वसुली दाखवायची आणि फाइल पुढे सरकवायची, हे अगदी सोपं आहे. कागदावर मालक तोच. पण त्याच्याकडून एक रुपया येणार नाही आणि ज्याने हे केलं तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचं तरी आधार घेईल. म्हणून माझ्या मते ज्याचं नाव आहे त्याला सोडून ज्याचा हात आहे त्याच्यापर्यंत पोचणं, हेच अन्वेषण. त्याचे धागे असतात. नोंदणीतला मोबाइल आणि ई-मेल या माणसाचा नसतो, तोच नंबर आणखी चार फर्मना जोडलेला सापडतो. विवरणपत्रं कुठल्या आयपी पत्त्यावरून भरली ते पोर्टलवर कळतं. बँक खातं कुणी उघडून दिलं, आरटीजीएसने आलेले पैसे त्याच दिवशी कुठे गेले, रोख काढायला कोण आलं, हे बँकेकडून मिळतं. तपास चालू असताना क्रेडिट नियम ८६अ खाली रोखून धरता येतं, म्हणजे निदान नुकसान तिथेच थांबतं.

२०२३ मध्ये १६ मे ते १५ जुलै आणि २०२४ मध्ये १६ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर अशा देशभर बोगस नोंदणीविरुद्ध मोहिमा झाल्या. अशा मोहिमांत दारोदार फिरल्याशिवाय हे काम समजत नाही. तुम्ही निरीक्षक झालात तर असं फिरणं तुमच्या वाट्याला येईल. ते टाळू नका.

धाडीबद्दल. कलम ६७ खाली झडती घ्यायची तर सहआयुक्त किंवा त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आयएनएस-०१ या नमुन्यात. त्याआधी ‘विश्वास ठेवण्यास कारण’ फाइलवर लिहिलेलं असलं पाहिजे. दोन स्वतंत्र पंच, पंचनामा, जे ताब्यात घेतलं त्याची यादी, तिची प्रत समोरच्याला. राहत्या घरी जायचं तर महिला अधिकारी सोबत, म्हणून मला बऱ्याचदा बोलावणं येतं. घरात म्हातारी माणसं असतात, मुलांची परीक्षा असते. आवाज न चढवता काम होतं आणि तसंच व्हायला हवं. झडतीच्या वेळी दमदाटी करून कर भरायला लावणं बेकायदा आहे. २७ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलंय. अटकही सरसकट होत नाही. आयुक्तांची परवानगी लागते. बोगस बिलांच्या प्रकरणात बुडवलेला कर किंवा चुकीचं क्रेडिट ५ कोटींच्या वर गेलं तर गुन्हा अजामीनपात्र आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

एका गोष्टीने मात्र मनाला त्रास होतो. सातपूरचा एखादा छोटा कारखानदार खरा माल घेतो, बँकेतून पैसे देतो, कर धरून देतो. वर्षभराने कळतं की विक्रेत्याने तो कर भरलाच नाही आणि त्याची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली. कलम १६(२) सांगतं की पुरवठादाराने कर भरलेला असेल तरच क्रेडिट, आणि कलम १५५ प्रमाणे सिद्ध करायची जबाबदारी क्रेडिट घेणाऱ्यावर. नोटीस त्यालाच जाते. बोगस बिल घेणारा आणि हा माणूस एका पारड्यात बसू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे काटा पावती, बिल्टी, गेटवरची आवक नोंद, बँकेचा उतारा असं काहीही त्याने आणलं की मी ते शांतपणे, शेवटच्या पानापर्यंत बघते आणि आदेशात त्याचा उल्लेख करते. अधिकारी झालात तर तुम्हीही हे करा. कायदा कडक असला तरी पुरावा वाचायचा की नाही, हे आपल्या हातात असतं.

दबाव? येतो. फोन येतात, ओळखी निघतात, ‘बघून घ्या जरा’ म्हणतात. प्रत्येक पायरी लेखी ठेवली आणि वरिष्ठांना वेळेवर कळवली की फोनची ताकद बरीच कमी होते. पैशांचं म्हणाल तर कुणी अधिकारी रोख मागत असेल, तर व्यापाऱ्याने लाचलुचपतच्या १०६४ वर फोन करावा. विभागाच्या नावाने कुणीही दारात आलं तर ओळखपत्र आणि परवानगीचा कागद मागावा. खऱ्या अधिकाऱ्याला त्याचा राग येत नाही, मला तर आजवर आलेला नाही.

अभ्यासाबरोबर थोडं हिशेबाचं शिकून ठेवा. खतावणी, ताळेबंद, बँक उतारा वाचता आला पाहिजे. परीक्षेत लागलं नाही, तरी नोकरीत ते पहिल्या दिवसापासून लागतं. आणि एक काम आजच करून टाका. जीएसटी पोर्टलवर पॅनवरून करदाता शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. स्वतःचा आणि घरच्यांचा पॅन टाकून बघा. तुमची नसलेली फर्म दिसली तर जवळच्या जीएसटी कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोलिसांतही द्या आणि दोन्हीकडची पोच घेऊन ठेवा.