इनहिबिटर आणि एचआयव्ही दोन्ही असताना

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तीव्र हिमोफिलिया ए आहे. वय ४५, वजन ६० किलो. लहानपणी चढवलेल्या रक्तघटकांतून एचआयव्ही झाला. गोळ्या नियमित चालू आहेत. बऱ्याच वर्षांपासून इनहिबिटर (फॅक्टर आठ निकामी करणारी प्रतिपिंडं) असल्याने रक्त गोठवणारं फॅक्टर आठ लागू पडत नाही. सध्या टायटर (रक्तातलं इनहिबिटरचं प्रमाण) ६ आहे. इनहिबिटर घालवण्याच्या ‘इम्यून टॉलरन्स’ उपचाराबद्दल विचारलं, तर एकांनी सांगितलं, एचआयव्ही असताना प्रतिकारशक्तीला हात लावू नका. खरं का?
– एक बहीण, सांगली

उत्तर : ताई, एचआयव्ही आहे एवढ्यावरून ही वाट बंद होत नाही. मूळ पद्धतीत प्रतिकारशक्ती दाबतच नाहीत. फॅक्टर आठ महिनोन्‌महिने देत राहून शरीराला ते पचवायला शिकवतात. जर्मनीत बॉनला डॉ. ब्राकमान यांनी १९७०च्या दशकात ती सुरू केली : किलोमागे १०० युनिट, दिवसातून दोनदा. म्हणजे तुमच्या भावाला रोज १२,००० युनिट! हा खर्च कुठल्या घराला झेपणार? कमी डोसच्या पद्धतीही आहेत, पण त्यात सुरुवातीला रक्तस्राव जास्त होतात.

भीती घालणाऱ्यांच्या मनात बहुधा माल्मो पद्धत असावी. तिच्यात सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात. काही ठिकाणी तसंच रिटुक्सिमॅबही वापरतात. ही औषधं मी तुमच्या भावाला सुचवणार नाही.

टायटर १०च्या खाली आहे, ही जमेची बाजू. पण इनहिबिटर जुना असला की यश कमी मिळतं, हेही सांगायलाच हवं. शिवाय रोजच्या सुईसाठी छातीत पोर्ट (शिरेत औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) बसवला, तर त्यात जंतुसंसर्ग होण्याची धास्ती असते; सीडी-४ (एचआयव्हीने घटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असेल तर जास्तच.

म्हणून माझं मत आधी एमिसिझुमॅब या रक्तस्राव टाळणाऱ्या औषधाकडे झुकतं. ते त्वचेखाली टोचतात, शीर शोधावी लागत नाही, इनहिबिटर असला तरी काम करतं. त्याने इनहिबिटर जात नाही, रक्तस्राव मात्र खूप कमी होतात. ते चालू असताना फायबा (इनहिबिटर असताना रक्तस्राव थांबवण्यासाठी देतात ते औषध) डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

रक्तविकारतज्ज्ञांकडे जाताना एआरटीचं (एचआयव्हीच्या गोळ्यांचं) कार्ड आणि ताजा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) न्या. गोळ्यांत रिटोनाविरसारखं प्रोटीज इनहिबिटर (एचआयव्हीच्या औषधांचा एक गट; भावाच्या इनहिबिटरशी त्याचा संबंध नाही) असेल तर आवर्जून सांगा, कारण त्या गटातल्या औषधांनी हिमोफिलियात रक्तस्राव वाढल्याचं दिसलं आहे. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.